उन्हाळी शिबिर: ॲनिमेशनमधली आणि खाऊतली फॅशन कुठवर धरायची?

गच्चीवरचा
दादरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये मे महिन्यात पाच दिवसांचं ॲनिमेशन शिबिर ठरतंय. मुलं १५, वय १० ते १४, सोमवार ते शुक्रवार, रोज दोन तास. पालकांच्या ग्रुपवर दोन गोष्टींवर एकमत होत नाहीये.

पहिली, शिकवायचं काय? मुलांना हल्लीचे कॉमिकसारखे दिसणारे, मुद्दाम अडखळत चालल्यासारखे वाटणारे चित्रपट आवडतात. काही पालक थ्रीडीच शिकवा म्हणतात, काही एआय म्हणतात.

दुसरी, मधल्या वेळचा खाऊ. ग्रुपवर आलेली यादी: चिया पुडिंग, किनोआ सॅलड, ओट्स कुकीज, पेरी पेरी मखाणे. दुसरा गट नाचणी आणि ज्वारीच्या लाह्यांवर अडून बसलाय.

मला दोन्हीकडे प्रश्न एकच दिसतो. यातलं वरचं रूप कोणतं आणि आतलं काम कोणतं? जाणकारांनी मापांसकट, वेळेसकट लिहावं.

चौकट२४
आधी त्या 'अडखळण्या'बद्दल, कारण मुलं पहिल्याच दिवशी तेच विचारणार.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र असेल तर 'वन्सवर', एक चित्र दोन फ्रेम धरलं तर 'टूजवर', म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. हे काही नवीन नाही. हाताने काढलेल्या ॲनिमेशनचा बराचसा भाग पहिल्यापासून टूजवरच व्हायचा, वेगवान हालचाली तेवढ्या वन्सवर. जपानमध्ये १९६३ साली चित्रकार ओसामू तेझुकांची 'ॲस्ट्रो बॉय' मालिका टीव्हीवर आली तेव्हा दर आठवड्याला एक भाग द्यायचा होता, म्हणून चित्रं आणखी कमी केली. एक चित्र तीन फ्रेम धरायचं, स्थिर चित्रावर कॅमेरा सरकवायचा, नुसते ओठ हलवायचे. ती काटकसर होती, पुढे तिचीच शैली झाली.

१९९५ला 'टॉय स्टोरी' आला, संपूर्ण संगणकावर केलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. दोन पोझच्या मधल्या फ्रेम संगणक भरून देतो, त्यामुळे सगळं वन्सवर आणि गुळगुळीत. पुढची वीसेक वर्षं गुळगुळीत म्हणजेच चांगलं असं समीकरण होतं. २०१८च्या 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स'ने ते मोडलं. त्यात सुरुवातीला नवशिका माइल्स टूजवर चालतो आणि त्याच दृश्यातला अनुभवी पीटर वन्सवर. एकाची अडखळ दुसऱ्याच्या सफाईशेजारी दिसते आणि ती गोष्टीचा भाग होते. मोशन ब्लर, म्हणजे वेगात दिसणारा धूसरपणा, काढून टाकला, छपाईचे ठिपके आणि रंगांची सरकलेली छपाई आणली. नंतर २०२२च्या 'पुस इन बूट्स: द लास्ट विश'मध्ये मारामारीच्या प्रसंगात तेच तंत्र आलं.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: ठिपके आणि जाड रेघा हे रूप. कुठलं चित्र किती वेळ धरायचं, हे काम.

रेंडर_चालू_आहे
चौकट२४, अनुमोदन, पण एक गैरसमज इथेच दूर करतो. टूजवर केलं की खर्च अर्धा होतो हे हाताच्या चित्रांना बरंचसं लागू आहे, थ्रीडीला नाही. कॅमेरा हलत असेल तर पात्र स्थिर धरूनही प्रत्येक फ्रेम वेगळीच रेंडर करावी लागते, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र काढून घ्यावं लागतं.

उलट काम वाढतं. पात्र टूजवर आणि कॅमेरा वन्सवर असला की पात्र पार्श्वभूमीवर थरथरल्यासारखं दिसतं. हातपाय टूजवर 'स्टेप' केले आणि अख्ख्या शरीराची पुढे जाण्याची गती तशीच वन्सवर राहिली की पाय जमिनीवर घसरतात. केस आणि कपड्यांचं सिम्युलेशन (त्यांची हालचाल संगणकाने हिशोबाने काढणं) थेट अडखळत्या हालचालीवर चालवलं तर कापड फडफडून फुटतं. ते आधी गुळगुळीत हालचालीवर करून मग फ्रेम धराव्या लागतात. म्हणून 'फिल्टर लावला की स्पायडर-मॅनसारखं दिसतं' असं मुलांना कृपया सांगू नका.

फिरकी_लालबाग
वाचतेय. खाऊवाले कुठे गेले?

भरडधान्य
आलो. खाऊतल्या फॅशनचाही असाच क्रम लागतो. आधी ओट्स आले. २०१३ हे संयुक्त राष्ट्रांचं किनोआ वर्ष होतं, त्यानंतर किनोआ मॉलमधून वाण्याकडे पोचला. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं, तो प्रस्ताव भारताचाच होता. तेव्हापासून ज्वारी-नाचणीच्या पाकिटांवर चकचकीत इंग्रजी नावं आली.

पाकीट घेताना मागची बाजू वाचा. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचा नियम आहे. 'नाचणी बिस्कीट' लिहिलेल्या पाकिटावर पहिलं नाव मैद्याचं, दुसरं साखरेचं आणि नाचणी चौथी असेल तर ते मैद्याचं बिस्कीट आहे. मसाला ओट्सच्या पाकिटात मिठाचा आकडा बघा. साध्या ओट्समध्ये मीठ जवळजवळ नसतं.

नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये हे फारच वरचं आहे. पण तिच्यात फायटेटही असतं आणि ते कॅल्शियम-लोह अडवून धरतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी फायटेट कमी होतं. आपल्याकडच्या सत्त्वाच्या आणि आंबिलीच्या जुन्या पद्धतींत हे आपसूक होतं. नाचणीची कुकी भाजून दिली तर ही पायरीच गळते.

कागदकातर
शिबिरापुरतं बोलते. १५ मुलांना थ्रीडी पाच दिवसांत नाही शिकवता येत. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर मोफत आहे, चांगलं आहे, ऑस्कर मिळालेला 'फ्लो' चित्रपट त्यातच झाला, पण १० तासांपैकी तीन तास नुसती बटणं शोधण्यात जातील आणि १५ लॅपटॉप आणायचे कुठून? कटआउट करा. कागदाची पात्रं, वरून फोन, स्टॉप मोशन: पात्र थोडं थोडं हलवत एकेक फोटो काढायचा.

पाच गट, प्रत्येकी तीन मुलं: एक हलवणारा, एक फोटो काढणारा, एक मोजून वहीत लिहिणारा. दर २० फोटोंनंतर कामं बदला, नाहीतर वहीवालं मूल कंटाळतं.

पात्राला २०० ते २५० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) कार्ड पेपर. त्याहून पातळ कागद कडेला वळतो आणि सावली पडते. खांदा, कोपर, गुडघा वेगळे कापा आणि सांध्याच्या ठिकाणी दोन्ही तुकडे किमान १ सेंमी एकमेकांवर यायला हवेत. दोऱ्याची गाठ मारून मागून चिकटपट्टी. पितळी पिन वापरल्या तर दिव्यात चमकतात, त्यावर मार्करने रंग द्या. पार्श्वभूमीला ए-थ्री आकाराचा काळा कार्ड पेपर. सगळं अब्दुल रहमान स्ट्रीटला एका फेरीत मिळेल.

वेळेचा हिशोब: हलवणं, हात बाहेर, फोटो, याला सुरुवातीला मिनिटभर लागतं. दोन तासांत ७० ते ८० फोटो धरा. दोन दिवसांत १५०. सेकंदाला १२ या हिशोबाने साधारण १२ सेकंदांची फिल्म. म्हणून गोष्ट १० सेकंदांत संपणारीच लिहायची. मुलं तीन मिनिटांची लिहितात आणि मग अर्धवट राहतं.

प्रकाशगती
कागदकातरताईंच्या यादीत दिव्यांचं मी जोडतो. स्टॉप मोशन बिघडतं ते हलवण्यापेक्षा उजेडामुळे जास्त.

खिडकी बंद करून जाड पडदा लावा. मेमध्ये ढग येऊन-जाऊन दोन तासांत उजेड तीनदा बदलतो आणि फिल्म लुकलुकते. दोन सारखेच टेबललॅम्प, डावी-उजवीकडून ४५ अंशांत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. १/१२५ वगैरे ठेवलं तर एखाद्या फोटोत पट्टा येतो, एखाद्यात नाही. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) तिन्ही लॉक. व्हाइट बॅलन्स हमखास विसरतात आणि पात्र लाल शर्ट घालून आलं की अख्खी खोली निळी होते.

फोटो काढणाऱ्याने दरवेळी एकाच जागी उभं राहायचं. पांढरा शर्ट टेबलावर उजेड फेकतो, गडद कपडे घालून यायला सांगा.

फोन हाताने दाबू नका, इअरफोनचं व्हॉल्यूम बटण बऱ्याच फोनवर शटरचं काम करतं. आणि पंखा बंद! कागदाची पात्रं उडतात. मेमधल्या मुंबईत १५ मुलं पंख्याविना किती बसतील हे मोजूनच सत्र आखा. २० मिनिटं शूटिंग, ५ मिनिटं पंखा, असं चालतं.

सव्वादोन
क्ले का नको? मुलांना क्ले जास्त आवडते.

कागदकातर
सव्वादोन, उन्हामुळे. प्लॅस्टिसिन ३३-३४ अंशांत दिव्याखाली मऊ पडते, उभं पात्र दहा मिनिटांत घोट्यात वाकतं. करायचीच तर आत तारेचा सांगाडा घाला आणि दर २० मिनिटांनी फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर दमट हवेचं पाणी तिच्यावर धरतं आणि ती चमकते. एसी हॉल असेल तरच. शाडू तर नकोच, वाळून तडकते.

माहीम_खाडी
थोडं अवांतर, पण मुंबईतल्या मुलांना हे माहीत हवं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केली, आगकाड्या एकेक फ्रेमने हलवून. त्याआधी वाटाण्याचं रोप वाढताना थोड्या थोड्या अंतराने फ्रेम घेऊन त्यांनी दाखवलं होतं, 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळवताना. म्हणजे आपल्याकडच्या कथापटाच्या आधीपासून स्टॉप मोशनचं अंग इथे आहे.

फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६च्या सुमारास इथेच सुरू झाला. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते. पहिल्या तुकडीत राम मोहन होते. जातककथेवरची 'द बनियन डिअर' १९५७ची. आणि दूरदर्शनवर पाहिलेली विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' १९७४ची. तिच्यात कडा साध्या, रंग सपाट, चित्रं मोजकी, तरी अर्थ पोचतो. मुलांना पहिल्या दिवशी तीच दाखवा. पेडर रोडच्या सिनेमा संग्रहालयाची एक सहलही होईल.

चौकट२४
माहीम_खाडी, फार महत्त्वाचं लिहिलंत. आगकाड्यांवरूनच पहिल्या दिवसाचा धडा देतो. (काड्या बिनगुलाच्या घ्या, हस्तकलेच्या दुकानात मिळतात.)

पहिला दिवस फक्त पडणारा चेंडू. ३ सेंमी व्यासाचं कागदी वर्तुळ. ए-थ्री कागद उभा धरला तर ४२ सेंमी उंची मिळते. वरून खुणा करा: ०, १, ४, ९, १६, २५, ३६ सेंमी. अंतरं झाली १, ३, ५, ७, ९, ११. पडणारी वस्तू सारख्या वेळात विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते, गॅलिलिओचा नियम. प्रत्येक खुणेवर एक फोटो, सात फोटो, अर्धा सेकंद. जमिनीला टेकल्यावर एका फोटोपुरता चपटा चेंडू ठेवा, पण उंची कमी केली तेवढी रुंदी वाढवा, नाहीतर चेंडू लहान झाल्यासारखा दिसतो. वर जाताना २५ सेंमीपर्यंतच: अंतरं ९, ७, ५, ३, १. सर्वांत वर पोचल्यावर दोन फोटो.

मग तेच सात फोटो सारख्या ६-६ सेंमीवर काढायला लावा आणि दोन्ही फिल्म शेजारी चालवा. दुसरा चेंडू दोरीने ओढल्यासारखा दिसतो. एवढं एकदा डोळ्यांत बसलं की पुढच्या चार दिवसांचं निम्मं काम झालं.

त्यानंतर चालणं: सेकंदाला १२च्या हिशोबात एका पावलाला ६ फोटो. पापणी मिटायला २ ते ३. थांबलेलं पात्र दाखवायचं तर किमान ६ फोटो तसेच धरा. मुलं थांबायला विसरतात, सगळं सतत हलतं आणि बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

सव्वादोन
हे सगळं एआय दहा सेकंदांत करतंय ना आता? २०२५च्या मार्चमध्ये सगळ्यांनी आपापले फोटो जपानी शैलीत करून टाकले होते.

रेंडर_चालू_आहे
सव्वादोन, ती लाट किती दिवस टिकली ते आठवा. शैली उचलली गेली, पण फोटो हलत नव्हते. व्हिडिओ बनवून देणारी साधनंही आहेत, मात्र चेंडू कितव्या फ्रेमला टेकावा हे मुलाला ठरवता येत नाही, जे येईल ते घ्यावं लागतं. शिबिरात ठरवायलाच तर शिकवायचंय. शिवाय यातल्या बहुतेक सेवांची किमान वयोमर्यादा १३ आहे, तुमची निम्मी मुलं त्यात बसणार नाहीत.

तवा_पोळपाट
आता यादीतल्या खाऊकडे.

चिया आणि सब्जा एकच, असं ग्रुपवर कोणी लिहिलं असेल तर ते चूक. चिया मेक्सिकोकडची, सब्जा म्हणजे एका जातीच्या तुळशीचं बी, आपल्या फालुद्यातलं. चियात ओमेगा-३ जास्त, सब्जा पोत आणि गारव्यासाठी. चिया वजनाच्या साधारण दहापट पाणी पिते आणि तिला अर्धा तास लागतो. पहिल्या पाच मिनिटांत दोनदा ढवळली नाही तर खाली गुठळी बसते. कोरडी चिया मुलांना कधीच देऊ नका, घशात फुगू शकते. सब्जा दहा मिनिटांत फुगतो. शिबिरासाठी कोकम सरबत आणि सब्जा: १५ ग्लासांना तीन मोठे चमचे सब्जा, दोन वाट्या पाण्यात आधी भिजवून. चिया पुडिंगला १५ वाट्या, १५ चमचे आणि फ्रीज लागेल, तो हॉलवर आहे का?

किनोआ नीट चोळून धुतला नाही तर कडू लागतो, वरच्या सॅपोनिनमुळे. मेच्या दुपारी शिजवलेलं सॅलड दोन तास बाहेर ठेवू नये.

मखाणे चालतील. १०० ग्रॅम दोन घाण्यांत, जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १० ते १२ मिनिटं. चिमटीत दाबल्यावर कुरकुरून चुरा झाला पाहिजे, रबरासारखा दबला तर अजून भाजा. मग एक चमचा तूप, गॅस बंद, त्यानंतर मसाला. आधी मसाला घातला तर तो जळतो आणि मखाणा कच्चा राहतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावू नका.

भरडधान्य
मखाण्याच्या किमतीत ज्वारीच्या लाह्या तिप्पट-चौपट येतील. लाह्या, डाळं, कढीपत्ता, हळद, मीठ. १५ मुलांना ३०० ग्रॅम लाह्या पुरतात, तेल तीन मोठे चमचे. शेंगदाणे घालायचे तर पालकांना ॲलर्जीबद्दल लेखी विचारा. लाह्या आधी कोरड्या ४-५ मिनिटं गरम करा, मुंबईची हवा त्यांना एका रात्रीत मऊ करते.

राजगिऱ्याचा लाडूही सोपा: गूळ एक वाटी, राजगिऱ्याच्या लाह्या चार वाट्या. पाक गोळीबंद हवा, पाण्यात टाकलेला थेंब मऊ गोळी झाला की उतरवा. त्यापुढे गेला तर चिक्कीचा कडक पाक होतो आणि लाडू वळत नाही. गूळ आहे म्हणून तो मोकळ्या हाताने द्यायचा नसतो मात्र, गूळही साखरच.

फिरकी_लालबाग
म्हणजे देशी तेच चांगलं?

भरडधान्य
नाही, मी तसं म्हणत नाही. राजगिरासुद्धा मूळचा अमेरिका खंडातलाच आहे, किनोआच्याच कुळातला. तो इथल्या उपवासात इतका मुरला की परका वाटत नाही. धान्य कुठून आलं यापेक्षा ते कसं शिजवायचं हे घरात माहीत आहे का, हे मी आधी बघेन.

गच्चीवरचा
खूप आभार. कटआउट नक्की. खाऊ: सोमवारी आंबील, मंगळवारी लाह्या, बुधवारी सब्जा-कोकम, गुरुवारी मखाणे, शुक्रवारी लाडू. फिल्म शेवटी टीव्हीवर दाखवायची आहे, त्याची सेटिंग सांगा. आणि आंबिलीचं माप.

रेंडर_चालू_आहे
स्टॉप मोशनच्या ॲपमध्ये सेकंदाला १२ फोटो ठेवा आणि फिल्म २४ फ्रेमला एक्सपोर्ट करा, प्रत्येक फोटो बरोबर दोनदा येतो. ३०ला एक्सपोर्ट केलं तर १२ने भाग जात नाही, काही फोटो दोन फ्रेम आणि काही तीन फ्रेम राहतात, चालताना मधेच लचक दिसते. ॲपमध्ये फक्त ३० मिळत असेल तर मग शूटिंगच १५वर करा.

कागदकातर
गच्चीवरचा, खाऊचा क्रम बदला. मंगळवारी शूटिंग नाही, पात्रं कापायची आहेत. बुधवार-गुरुवार शूटिंग. मखाणे तुपातले आणि मसाल्याचे, ते गुरुवारी नकोत. तेलकट बोट काळ्या कार्डावर लागलं की दिव्यात डाग चमकतो आणि प्रत्येक फोटोत नाचतो. बुधवारी सब्जा ठीक, पण दुसऱ्या टेबलावर. गुरुवारी केळं किंवा कलिंगडाच्या फोडी, काट्याने. मखाणे शुक्रवारी, लाडवाऐवजी. आणि खाऊच्या सुट्टीत टेबलाला धक्का लागतोच, म्हणून टेबलाचे पाय आणि फोनचा स्टँड जमिनीला टेपने बांधा. परत आल्यावर ओनियन स्किन (ॲपमध्ये आधीचा फोटो पुसट दिसण्याची सोय) चालू करून आधीच्या फोटोशी पात्र जुळवा, मगच पुढे.

तवा_पोळपाट
आंबील, १५ मुलांना दीडशे मिलिलिटरचा एकेक ग्लास: नाचणीचं पीठ १५० ग्रॅम, ६०० मिलिलिटर पाण्यात गुठळी न ठेवता कालवून झाकून ठेवा. मेमध्ये ८ तासांत आंबतं, १२ तास ठेवलं तर फार आंबट होतं आणि मुलं पीत नाहीत. सव्वा लिटर पाणी उकळून त्यात धार धरून ओता, सतत ढवळत ७ ते ८ मिनिटं. गार झाल्यावरच ६०० मिलिलिटर पातळ ताक, गरम असताना घातलं तर फाटतं. मीठ, जिरेपूड, लसूण नको असेल तर आलं. मोड आणलेल्या नाचणीचं पीठ असेल तर ते पातळच राहतं, मोडांमुळे पिठूळपणा तुटतो, म्हणून १८० ग्रॅम घ्या.

शिबिर सकाळी आहे की संध्याकाळी?

गच्चीवरचा
संध्याकाळी चार ते सहा.

तवा_पोळपाट
मग रविवारी रात्री नको, सोमवारी पहाटे पाचला कालवा. दुपारी एकला शिजवलं की चारपर्यंत गार होतं. ताक तिथेच घाला.